तरंगलेले चेंडू

गोल्फचा चेंडू साध्या पाण्यात टाकला की तळाला बसतो. पाण्यात मीठ वाढवत गेलं की केव्हातरी तो वर येतो. आता मला हे माहीत आहे. ज्या दिवशी माहीत असायला हवं होतं, त्या दिवशी मी घंगाळात कोपरापर्यंत हात घालून बसले होते आणि मला वाटत होतं, हे काम मला येतं.

आमचं गाव रिठदपासून लांब नाही. शेत अडीच एकर, सोयाबीन आणि मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. माझं लग्न झालं तेव्हा हे पुण्याला होते. आमच्याकडची बरीच माणसं पुण्याला जातात, कोणी कंपनीत, कोणी बांधकामावर. हे एका गोल्फच्या मैदानावर लागले. आधी गवत कापायला, मग साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी उचलायला. त्या कामाला कॅडी म्हणतात. पिशवी घेऊन साहेबाबरोबर चालायचं, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं, कोणती काठी घ्यावी ते सांगायचं. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा कॅडी लोकांना खेळू देतात. सोमवार सोमवार करत हे खेळायला शिकले, आणि चांगले शिकले. हे मला यांनी नाही सांगितलं. यांचा मित्र एकदा घरी आला होता, त्याने सांगितलं.

मी ते मैदान कधी पाहिलं नाही. पण सोयाबीन निघाल्यावर आमच्या मोकळ्या वावरात यांनी मला खेळ दाखवला होता. एक लोखंडी काठी, एक पांढरा टणक चेंडू, त्याच्या अंगावर सगळीकडे खळ्या. मारला की आधी आवाज यायचा, मग चेंडू दिसेनासा व्हायचा, मग लांब कुठेतरी माती उडायची. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे लोक थांबायचे. शेजारच्या वावरातले म्हातारबाबा रोज एकच विचारायचे, "काहून बे, अंडे पेरून राह्यला का?" आणि हे म्हणायचे, "हो बाबा, औंदा कोंबड्याचं पीक घेतो." म्हातारबाबा हसत हसत जायचे. मी पदर तोंडाला लावून हसायचे. त्या दिवाळीत आमच्या घरात हसणं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या दिवाळीला हे वीस दिवसांची सुट्टी घेऊन आले होते. मैदानावर शिकवणाऱ्या सरांच्या हाताखाली दोन माणसं कायमची घेणार होते. सगळ्या कॅडींनी तीन दिवस खेळायचं, पहिले दोन येतील ते घ्यायचे. वयाची अट पस्तीसच्या आत. यांचं चौतिसावं संपत आलं होतं. कायम झाला की मैदानामागे खोली मिळायची आणि बायको, लेकरं आणता यायची. लग्नाला दहा वर्षं झाली होती. आम्ही दोघं एका घरात राहिलो ते सगळे दिवस जोडले तर पुरतं वर्षही झालं नसतं. लेक आठ वर्षांची होती आणि बाप आला की पहिले दोन दिवस दाराआड उभी राहायची. मला ती खोली पाहिजे होती. मी कोणाजवळ बोलले नाही, पण कोणती भांडी न्यायची आणि कोणती सासूबाईंना ठेवायची, ते मी मनात ठरवून टाकलं होतं.

खेळायला चेंडू आपला आपण आणायचा असतो. एका संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, नवा घ्या न दुकानातून."

"साहेब लोकं वापरतात तसा एक घेतला, त आपल्या घरचं हप्त्याचं तेल-तिखट येते तेवढ्यात," हे म्हणाले. "आन् एक घेऊन होत नाही. पाण्यात गेला, झाडीत गेला, की संपला."

"मंग स्वस्ताचा घ्या."

"स्वस्ताचा दगडासारखा असते. लांब जाते, पण थांबत नाही. खड्ड्याजवळ पडते आन् पुढे पयून जाते. महागाचा थांबते, पण त्याची साल नाजूक. जरा घासला की कटला." मग यांनी तळहातावर एक चेंडू ठेवला. "हा मधला. आत दोनच थर, पण साल नरम. माह्या हाताले हाच पाहिजे. अन् सगळे याच जातीचे पाहिजे. आज हा मारला, उद्या तो मारला, असं केलं की हात येडा होते."

लेकीला किती कळलं माहीत नाही, मला कळलं. वावरात दोन जातींचं बी मिसळलं की अर्धं आधी पिकतं, अर्धं मागून, आणि दोन्ही हातचं जातं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. यांच्या कामातलं काही मला समजलं, असं पहिल्यांदाच झालं.

असे एका जातीचे चाळीस चेंडू यांच्याजवळ होते. ते मित्राने दिले होते. मित्र पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरचा. आपल्याच जिल्ह्याचा माणूस म्हणून पुण्यात दोघांची ओळख झाली आणि पुढे एका खोलीत राहू लागले. मित्र मैदानावरच्या तळ्यात उतरायचा. साहेब लोकांचे चेंडू तळ्यात पडतात. हा छातीएवढ्या पाण्यात उभा राहून पायाने गाळ चाचपायचा आणि बोटांनी चेंडू उचलायचा. ते चेंडू ठेकेदाराचे असतात, तो धुऊन विकतो. यांच्यासाठी मित्राने वर्षभर एकेक करून त्याच जातीचा चेंडू बाजूला ठेवला होता. ठेकेदाराला कळलं असतं तर काम गेलं असतं. घरी आला होता तेव्हा मला म्हणाला होता, "वयनी, याले कायम होऊ द्या, मंग मी तुमच्या खोलीवर जेवाले येतो. याच्या हातच्या भाकरीनं दात हालाले लागले माहे."

निघायच्या आदल्या दिवशी यांना मळणी यंत्राच्या कामासाठी रिठदला जायचं होतं. जाताना चाळीस चेंडूंची थैली माझ्यासमोर ठेवली. कटलेले, रंग दिलेले यांनी आधीच पाहून काढले होते, त्यातलं काही नव्हतं. म्हणाले, "तळ्यातला माल आहे. मिठाच्या पाण्यात टाकून पाह्यजो आन् चांगले चांगले काढून ठेवजो. मी सांजेले येतो."

चांगले म्हणजे कोणते, हे मी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही. माहेरी चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हाही कशाला सुटली ते विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी विचारावंसं वाटलंच नाही. मिठाच्या पाण्याचं काम मी लहानपणापासून केलं होतं. आमच्याकडे आता ज्वारी कमी झाली, पण माझ्या माहेरी पेरणीच्या आधी ज्वारीचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचे. पोचट, रोगट बी वर तरंगतं. ते हाताने काढून कोंबड्यांपुढे टाकायचं. तळाला बसलं ते भरलेलं बी, ते धुऊन सावलीत वाळवायचं. माझ्या आईने मला हे शिकवलं होतं, तिला तिच्या आईने. अंड्याचंही तेच, नासलेलं अंडं वर येतं. वर येतं ते खराब, खाली बसतं ते चांगलं, यात विचारायचं काय?

लेकीला घेऊन मी अंगणात बसले. जनावरांसाठी आणलेलं खडे मीठ होतं, ते घंगाळात विरघळवलं. आधी सगळे चेंडू खाली बसले. मला वाटलं पाणी हलकं झालं, बियाण्याच्या वेळीही पहिल्यांदा असंच होतं. अजून मीठ टाकलं, हाताने ढवळलं. मग एक वर आला, मग दोन, मग भराभर येत गेले. मी एकेक उचलून टोपलीत टाकत गेले. शेवटी बारा तळाला राहिले. अजून एक ओंजळ मीठ टाकून पाहिलं, ते हलले नाहीत. मला फार बरं वाटलं. बारा तरी भरलेले निघाले.

लेक म्हणाली, "माय, वरचे मले दे न खेळाले."

"कोणाच्या टाळक्यात बसला म्हंजे? आन् बाबाच्या चांगल्यात मिसळले त?" मी म्हणाले. टोपलीत अठ्ठावीस होते. मी ते मोजले होते, कारण एवढे वाया गेले याचं वाईट वाटत होतं. त्यावर चुलीतली राख टाकली आणि टोपली उकिरड्यात उलटी केली. दुपारी गोठा झाडून शेण टाकलं, ते त्यावर पडलं.

संध्याकाळी हे आले. बारा चेंडू मी जुन्या ओढणीच्या फडक्यात बांधून ठेवले होते. फडकं सोडून यांनी पाहिलं.

"बाराच?"

"हो."

"लयच भिजले होते म्हणजे." थोडा वेळ हातात खेळवत बसले. मग म्हणाले, "असू दे. तीन दिवसाले बारा पुरतात. हे मारून पाह्यत नाही आता, तसेच नेतो." आणि माझ्याकडे पाहून, "चांगले चमकवले तू," असं म्हणाले. हे सहसा असं काही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी यांना सोडायला जवळच्या मालेगावच्या बसस्टँडवर गेलो. पुण्याची गाडी यायला वेळ होता. हे बाकावर बसले होते, लेक मांडीला टेकून उभी होती. आता ती बापाला सरावली होती आणि एकसारखी काहीतरी विचारत होती.

"बाबा, खराब चेंडू कसा ओळखाचा?"

"लय सोपं आहे. मिठाच्या पाण्यात टाकाचा. पाणी चांगलं खारट झालं की जिता चेंडू वर येते. पाणी पेलेला असला की खालीच बसते, मेला तो. त्याले कितीबी जोरात मारा, जाग्यावर पोचत नाही. मंग वर आले त्याईले बोटानं फिरवाचं. दरवेळी तेच तोंड वर आलं त एका बाजूनं जड. येगयेगळं आलं, त सोनं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "पण मायनं त..."

मी तिचं मनगट धरलं आणि दाबलं. जोरात दाबलं. ती गप्प झाली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. चूक झाली ती न कळून झाली. मनगट दाबलं ते कळून.

यांनी विचारलं, "काय मायनं?"

मी म्हणाले, "काही नाही. काल तिले खेळाले देल्ला नाही न मी एकबी." हे हसले. तेवढ्यात गाडी लागली. लोक दाराशी दाटले, हे पिशवी डोक्यावर घेऊन चढले आणि खिडकीपाशी जागा मिळाली. मी खिडकीखाली गेले. म्हणाले, "अवं, ऐका न."

"काय?"

ओठापर्यंत आलं होतं. शेजारी एक बाई मला ढकलून आपल्या मुलाला डबा देत होती. गाडी सुरू झाली होती. मी म्हणाले, "पोचल्यावर फोन करजा."

घरी आल्यावर पहिल्यांदा उकिरड्यावर गेले. सासूबाईंनी सकाळचं शेण, कडबा, सगळं टाकलं होतं. मी काडीने उकरायला लागले तर त्या म्हणाल्या, "काय हरवलं तुहं?" मी म्हणाले, "चमचा." त्यांनी दोन चमचे मोजून दाखवले, घरातच होते. मी हात धुतले.

खेळ सुरू व्हायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत सांगितलं असतं तर मित्राने तळ्यातून दुसरे काढून दिले असते. निदान यांनी कोणाचे तरी मागून आणले असते. दुसऱ्या दिवशी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फोनवरून मी फोन लावला. आपणहून फोन लावण्याची माझी ती तिसरी किंवा चौथी वेळ असेल.

"बोल," हे म्हणाले. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं, तो मित्र असावा. "आम्ही चेंडू पाहून राह्यलो. हा म्हणते वयनीनं निवडले, म्हणजे जिंकलेच. काय म्हणतं?"

मी म्हणाले, "जेवण झालं का?"

खेळ तीन दिवस चालला. पहिल्या दिवशी यांना वाटलं आपलाच हात आखडला, सुट्टीचा परिणाम. प्रत्येक फटका दहा-पंधरा पावलं आखूड पडत होता. दुसऱ्या दिवशी जोर लावायला गेले तर चेंडू वाकडा जाऊन झाडीत गेला. तिसऱ्या दिवशी तळ्यावरून मारायचं होतं. ते अंतर यांना पाठ होतं, झोपेत मारलं असतं. चेंडू तळ्यात पडला. दुसरा काढून मारला, तोही तळ्यात. मग यांनी एका ओळखीच्या कॅडीकडून चेंडू मागून मारला आणि तो सरळ पलीकडे जाऊन थांबला. तेव्हा यांना कळलं. पण तोपर्यंत तिसरा नंबर ठरून गेला होता. दोनच घ्यायचे होते.

हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्याने समजलं. त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, "नाही झालं." आणि ठेवला.

पण तेवढ्यावर थांबलं नाही. निवडले गेले त्या दोघांतला एक मित्राचा लांबचा नातलग होता. यांच्या डोक्यात आलं की मित्राने मुद्दाम भिजके चेंडू दिले. हे तळ्यावर गेले आणि काठावर उभं राहून ओरडले. "चाळीस देल्ले आन् अठ्ठावीस मेलेले! बारा उरले तेबी मेलेले! वर्षभर याच्यासाठीच जमवले का तू?" मित्र पाण्यात उभा होता. तो काय म्हणाला ते हे सांगत नाहीत. ठेकेदाराचा मुकादम तिथेच होता. चाळीस चेंडू कोणते, कोणाचे, कोणाला दिले, असं त्याने विचारलं. मित्राला त्याच दिवशी काढून टाकलं.

पुढे दोन महिन्यांनी हे पुणं सोडून आले. पिशवी उचलावीशी वाटत नाही म्हणाले. आता मालेगावला दालमिलमध्ये पोती उचलायला जातात आणि सुट्टीच्या दिवशी वावर पाहतात. दहा वर्षं मी म्हणत होते, माणूस घरी असावा. माणूस घरी आला. जेवायला बसला की भाकरीचा तुकडा हातात घेऊन बघत बसायचा. लेक पुन्हा दाराआड उभी राहू लागली.

मी रोज ठरवायचे, आज सांगते. यांचा राग मित्रावर होता आणि तो माझ्यावर यायला हवा होता. पण दिवस जाईल तसं सांगायची गोष्ट मोठी होत गेली. आधी फक्त चेंडू सांगायचे होते. मग मनगट सांगायचं झालं, मग फोन, मग मित्राचं काम गेलं तेही.

चैत्रात पोहरादेवीला रामनवमीची गर्दी असते. त्या वेळी मित्र गावी आला आणि आमच्याकडे आला. दुपारची वेळ होती. हे ओट्यावर बसले होते. त्याने पायरीवर प्रसादाची पुडी ठेवली आणि उभाच राहिला.

"बस म्हणशीन का नाही?"

यांनी तोंड फिरवलं.

"म्या तुले पायानं निवडून देल्ले चेंडू. एकेक. माह्या लेकराची आन घेऊन सांगतो, जे आठ-पंधरा दिवस पाण्यात राह्यले असतीन तेच देल्ले. दहा-बारा निंघतीन खराब, चाळीस कसे निंघतीन?"

"निंघाले."

"मंग तुहं नशीब तरी फुटलं, नाही त माहं डोकं तरी."

"निंघ तू इथून."

तो तरी गेला नाही. दाराकडे पाहून म्हणाला, "वयनी, पाणी द्या."

मी तांब्या-पेला नेला. त्याने पेला हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. हे आमच्यात नेहमीचं नाही, परका माणूस असा सरळ पाहत नाही. तो म्हणाला, "वयनी, तुमी धुतले न ते चेंडू? तुमीच सांगा याले. कसे होते?"

मी पदर पुढे घेतला. मान हलवली, ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही सांगता येणार नाही. लेक आतल्या दाराशी उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याने पाणी न पिता पेला पायरीवर ठेवला. प्रसादाची पुडी मात्र उचलून नेली नाही. जाताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, तर चप्पल हातात घेऊन गेला.

वैशाखात उकिरडा उपसला. दोन बैलबंड्या शेणखत वावरात गेलं आणि मी ते घमेल्याने पसरवायला होते. डोळे फाडून पाहत होते, पण खत ओलं, काळं, ढेकळाढेकळांचं, काही दिसलं नाही. मला वाटलं जमिनीत गेलं ते गेलं.

पेरणी झाली, सोयाबीन वीतभर झालं. हे डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, धरून चालले होते आणि मी मागून खुरप्याने तण निंदत होते. यांनी बैल थांबवले. वाकले. हातात काहीतरी घेऊन अंगठ्याने माती पुसली. मला पाठ दिसत होती. तेवढ्यावरून मला कळलं. पुढच्या ओळीत अजून एक निघाला, मग धुऱ्याजवळ तिसरा. तिन्ही यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि ओळ पुरी केली. मधे सोडलं नाही.

घरी आल्यावर मला काही विचारलं नाही. स्वतः घंगाळ घेतलं, पाणी ओतलं, मिठाचा डबा उघडला. मुठीमुठीने मीठ टाकत गेले आणि हाताने ढवळत गेले. सासूबाई म्हणाल्या, "कायले नासून राह्यला मीठ?" तिन्ही चेंडू वर आले. यांनी एकाला बोट लावून फिरवलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा. दर वेळी वेगळं तोंड वर आलं.

मग कोनाड्यातून बारांपैकी उरलेला एक चेंडू आणला आणि पाण्यात सोडला. तो तळाला जाऊन टक करून वाजला.

"किती होते?" यांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता.

"अठ्ठावीस."

"बी समजली तू."

"हो."

"कवा समजलं तुले?"

"बसस्टँडवर. तुमी पोरीले सांगत होते तवा."

मी मार खायची तयारी केली होती. लग्नापासून यांनी माझ्यावर हात उचलला नाही, पण त्या दिवशी उचलला असता तर बरं वाटलं असतं. हे म्हणाले, "तो आला होता. पाणी मांगत होता. तवाबी माहीत होतं तुले."

"माहीत होतं."

यांनी मित्राला फोन लावला. तो नंबर बंद होता. दुसऱ्या दिवशी दालमिलला खाडा करून तांड्यावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा लेकीने पाणी दिलं, ते उभ्याउभ्या प्यायले. मित्र ऊसतोडीच्या टोळीबरोबर लांब गेला होता. तिकडून परस्पर कुठल्या कामाला लागला, ते त्याच्या बायकोला नीट सांगता येईना, की सांगायचं नव्हतं. ती म्हणाली, "तुमचे चेंडू सापडले ते बरं झालं. माह्या माणसाची नोकरी कोणत्या वावरात सापडीन ते सांगा."

तेव्हापासून ओट्यावरच्या कोनाड्यात तेलाचा एक रिकामा डबा आहे. वावरात चेंडू सापडला की तो धुऊन त्यात टाकायचा. असं करायला मला कोणी सांगितलं नाही, हे टाकतात म्हणून मीही टाकते. एकदा मी एवढंच विचारलं की याचं काय करायचं. हे म्हणाले, "सगळे अठ्ठावीस झाले की त्याले नेऊन देतो. त्याचे होते." मग जरा वेळाने, "रिकाम्या हातानं काय तोंड दाखवू?"

यंदाच्या रामनवमीला हे पोहरादेवीला जाऊन आले. त्या गर्दीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरले. तो दिसला नाही. डबा नेला नव्हता, तेव्हा सतराच झाले होते.

आमच्या घरात आता भांडण नाही. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात, वाढ, आण, बैल सोड. लेक दहा वर्षांची झाली. ती माझ्याजवळ येते, वेणी घालून घेते, पण मी तिचं मनगट धरायला गेले की आपोआप हात मागे घेते. तिला ते कळतही नसेल.

काल डवरणी होती. डबा एकोणिसावर आहे. मी यांच्या मागे तीन ओळी सोडून निंदत होते. माझ्या खुरप्याला टणक लागलं. मी माती बाजूला केली आणि विसावा चेंडू निघाला. गेल्या वर्षी की यंदा, कधीतरी डवऱ्याची पास, त्याचं लोखंडी पातं, त्याच्यावरून गेली होती. साल एका बाजूने उघडी पडली होती आणि आतलं पिवळं दिसत होतं.

मी तो घेऊन यांच्याजवळ गेले. यांनी बैल थांबवून चेंडू हातात घेतला, कटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हा नाही चालत. हा मोजाचा नाही," म्हणाले, आणि माझ्या हातात परत दिला.

मी म्हणाले, "मंग अठ्ठावीस होत नाहीत."

"नाही होत."

मी तिथेच उभी राहिले. मग मीच म्हणाले, "आहेत तेवढे घेऊन चला. मी येतो संग. त्याच्या बायकोले मी सांगतो, त्याले मी सांगतो. निवडले म्या होते."

एवढं बोलायला मला पावणेदोन वर्षं लागली. यांनी कासरा ओढला, बैल चालू लागले. पुढच्या वळणावर येतील तेव्हा काही म्हणतील म्हणून मी पाहत राहिले. वळण आलं, हे वळले, माझ्या शेजारच्या तासातून गेले आणि तसेच पुढे गेले. कटलेला चेंडू मी ओटीत बांधला आणि खाली बसून निंदायला लागले.